सिक्युरिटी प्लगइनने पुन्हा रूप पालटलं: आधी काय तपासायचं, आणि सोडायचं तर कसं

वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटच्या सिक्युरिटी प्लगइनचं, म्हणजे सुरक्षेसाठी जोडलेल्या प्रोग्रामचं, मोठं अपडेट येतं आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड ओळखू येत नाही. एका लांबलचक पानावर सलग असलेली सेटिंग्ज टॅब, उपटॅब आणि कार्डांमध्ये विखुरलेली असतात. वर एक गोल, त्यात साइटला मिळालेले गुण, आणि गुण वाढवायचे तर पैसे भरा अशी पट्टी. ब्लॉक केलेल्या आयपींची (इंटरनेटवरच्या पत्त्यांची) यादी शोधण्यातच दुपार जाते. नवी मांडणी कशीबशी हाताला बसते तोवर पुढचं मोठं अपडेट हजर. मी बरीच वर्षं वापरत होतो त्या प्लगइनने हे इतक्यांदा केलं की शेवटी मी ते काढून टाकलं. त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण हे दुखणं एकट्या त्याचं नाही.

मांडणी बदलल्याचा राग येणं साहजिक आहे, पण मांडणीमुळे साइट हॅक होत नाही. खरी भानगड असते ती अपडेटच्या आडून गुपचूप बदललेल्या सेटिंग्जची. प्लगइन आपली सेटिंग्ज डेटाबेसमध्ये ठेवतं. मोठ्या आवृत्तीत त्या नोंदींची रचनाच बदलली, तर अपडेटनंतर जुन्या नोंदी नव्या साच्यात बसवणारा कोड एकदा चालतो. ज्या जुन्या सेटिंगला नव्या रचनेत जागाच उरलेली नसते, तिथे कंपनीने ठरवलेलं डीफॉल्ट येऊन बसतं. त्यावर सेटअप विझार्ड पुढ्यात येतो, ‘शिफारस केलेली सेटिंग्ज लागू करा’ म्हणतो, आणि घाईत कुणीतरी ते बटण दाबून मोकळं होतं. साइटला दोन-तीन अ‍ॅडमिन असतील तर नक्की कुणी दाबलं हेही कळत नाही.

त्यामुळे जुनी आवृत्ती परत टाकून काम भागत नाही. वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीत प्रत्येक प्लगइनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू’ पानावर तळाशी जुन्या आवृत्त्या मिळतात, डब्ल्यूपी रोलबॅक नावाचं प्लगइनही आहे. पण त्यांनी मागे जातात त्या फक्त फाइली. डेटाबेसमधल्या नोंदी नव्या साच्यात गेल्या त्या गेल्याच, आणि जुन्या कोडला त्या वाचता येतीलच असं नाही. वर्डप्रेस ६.६ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, ऑटो-अपडेटनंतर साइट कोसळली तर प्लगइनची आधीची आवृत्ती आपोआप परत येते खरी, पण ती सोय पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) फेटल एररपुरती, म्हणजे साइट थांबवणाऱ्या चुकीपुरती, आहे. इथे साइट धडधाकट चालू असते. फक्त तिचं एखादं दार उघडं राहिलेलं असतं किंवा मालकालाच बंद झालेलं असतं, आणि वर्डप्रेसच्या लेखी त्यात बिघाड काहीच नसतो. शिवाय जुन्या आवृत्तीत नंतर सापडलेली भोकं तशीच असतात, तेव्हा तिच्यावर फार दिवस राहण्यात अर्थ नाही. मागे जायचंच असेल तर अपडेटच्या आधीचा डेटाबेस बॅकअप हवा. तो नसेल तर पुढच्या वेळेसाठी आत्ताच सेटिंग्ज एक्स्पोर्ट करून ठेवा. जिथे एक्स्पोर्टची सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे तिथे प्रत्येक टॅबचा स्क्रीनशॉट काढा. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी पडतं.

आता लक्षणं.

डॅशबोर्ड उघडतच नाही

नुसतं चक्र फिरत राहतं किंवा पांढरं पान दिसतं. नव्या रूपातले बरेच डॅशबोर्ड रिअ‍ॅक्टवर बांधलेले असतात. पानाचा सांगाडा आधी येतो आणि आतली माहिती रेस्ट एपीआयमार्फत (ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या वाटेने) मागाहून. ही एपीआय कुणी अडवली की सांगाडा रिकामाच राहतो. अडवणारं कोण, तर पुष्कळदा सुरक्षेसाठीच आपण पूर्वी केलेली सोय: जुन्या आवृत्तीत ‘रेस्ट एपीआय बंद करा’ यावर केलेली खूण, किंवा कुठूनतरी उचलून थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये डकवलेल्या चार ओळी. जुना डॅशबोर्ड साध्या पीएचपी पानांवर चालायचा, म्हणून त्या ओळी कधी आडव्या आल्या नव्हत्या.

ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि पान रिफ्रेश करा. लाल झालेल्या विनंत्यांवर नजर टाका. ४०४ (पान सापडलं नाही) असेल तर पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता एकदा सेव्ह करा, तेवढ्याने बहुतेकदा सुटतं. ४०३ (मनाई) असेल तर उत्तरात काय आलंय ते वाचा. जेसन स्वरूपात वर्डप्रेसचाच संदेश असेल तर अडवणारं कुणीतरी साइटच्या आत आहे. सर्व्हरचं साधं एचटीएमएल पान आलं असेल तर ती होस्टिंगची मॉडसिक्युरिटी किंवा तत्सम फायरवॉल (वाईट विनंत्या अडवणारी गाळणी) आहे, आणि तिचा कुठला नियम आडवा आला हे होस्टिंगवाल्यांच्या लॉगमध्येच दिसेल. नॉन्स (विनंती खरी असल्याची तात्पुरती खूण) चुकीचा असल्याचा संदेश आला तर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, आणि कॅशिंग प्लगइन अ‍ॅडमिनची पानंही साठवून ठेवत नाही ना ते बघा. ‘साइट हेल्थ’च्या पानावर रेस्ट एपीआयची चाचणी असते, तीही वाचा.

सगळेच ब्लॉक होतात, किंवा कुणीच होत नाही

माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं सेटिंग म्हणजे प्लगइनने पाहुण्याचा आयपी कुठून वाचायचा ते. साइटसमोर क्लाउडफ्लेअर ही मध्यस्थ सेवा असेल किंवा होस्टिंगचा रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे बसलेला मध्यस्थ) असेल, तर सर्व्हरला थेट दिसतो तो प्रॉक्सीचा आयपी. खरा आयपी हेडरमधून (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीतून) येतो: क्लाउडफ्लेअरचा ‘सीएफ-कनेक्टिंग-आयपी’ नावाच्या हेडरमधून, इतरांचा सहसा ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’मधून. अपडेटने हे सेटिंग मूळपदावर नेलं की प्लगइनच्या दृष्टीने साइटवर येणारी सगळी माणसं मोजक्याच पत्त्यांवरून येऊ लागतात. मग एखाद्या बॉटने चुकीचे पासवर्ड टाकले की प्लगइन तो पत्ता अडवतं आणि त्यासोबत त्या प्रॉक्सीमागून येणारे सगळे वाचक, ग्राहक आणि मालकही बाहेर. ही तक्रार ‘साइट मधूनमधून बंद पडते’ अशी येते, म्हणून लोक होस्टिंगशी भांडत बसतात.

उलट बाजू जास्त वाईट. समोर प्रॉक्सी नाही, तरी प्लगइन ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’वर विश्वास ठेवतंय, अशी वेळ आली तर हल्ला करणारा हे हेडर स्वतःच भरून पाठवतो आणि दर विनंतीला नवा पत्ता दाखवतो. लॉगिनच्या प्रयत्नांवरची मर्यादा मग नावालाच उरते. यात तक्रारही कुणाची येत नाही.

तपासणं सोपं आहे. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून साइट उघडा, त्याच फोनवर आपला आयपी दाखवणारं एखादं पान उघडा, आणि प्लगइनच्या लॉगमध्ये तोच पत्ता दिसतो का ते पाहा. न दिसल्यास सेटिंग दुरुस्त करा. सर्व्हर आपल्या हातात असेल तर त्याहून चांगलं म्हणजे हे काम प्लगइनकडे ठेवायचंच नाही. वेब सर्व्हर अपाचे असेल तर त्याचं ‘मॉड रिमोटआयपी’ किंवा एन्जिनएक्स असेल तर त्याचं ‘रिअल आयपी’ मॉड्यूल वापरून विश्वासू प्रॉक्सींची यादी सर्व्हरलाच द्यायची, म्हणजे वर्डप्रेसपर्यंत खराच आयपी पोचतो. प्लगइनने डॅशबोर्ड कितीही वेळा रंगवला तरी ते सेटिंग हलत नाही.

स्वतःच बाहेर अडकलात तर

एफटीपीने किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरात जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडलं नाही की ते निष्क्रिय होतं. बदललेला लॉगिन पत्ता हरवला असेल तर मूळ पत्ता परत चालू लागतो. नाव पूर्ववत करून प्लगइन सुरू केल्यावर जुनी सेटिंग्ज आणि जुनी ब्लॉक यादी दोन्ही परत येतात, म्हणून आधी दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून आत जा आणि आपला पत्ता यादीतून काढा. टू-फॅक्टरचा (पासवर्डनंतर विचारला जाणारा) कोड सारखा चुकत असेल तर फोनचं किंवा सर्व्हरचं घड्याळ सरकलेलं आहे का ते बघा. हे कोड सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात, थोडासाच फरक चालवून घेतला जातो.

फोल्डरचं नाव बदलण्याआधी मात्र एक खबरदारी घ्यायला हवी, ती खाली ‘काढताना’ या भागात आहे. ती आधी वाचा.

हिरवी खूण म्हणजे काम झालं असं नाही

नव्या डॅशबोर्डांना गुण आणि हिरव्या खुणा फार आवडतात. पण ‘हार्डनिंग’च्या (साइट जास्त मजबूत करण्याच्या) नावाखाली येणाऱ्या अनेक सोयी एचटीअ‍ॅक्सेस या अपाचेच्या सेटिंग फाइलमध्ये नियम लिहून काम करतात, आणि एन्जिनएक्स ती फाइल वाचतच नाही. डॅशबोर्ड हिरवा, सर्व्हरवर परिणाम शून्य. हे स्वतः करून बघता येतं. अपलोड्सच्या फोल्डरात एकच शब्द छापणारी छोटी पीएचपी फाइल ठेवा आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा. शब्द दिसला तर तिथे पीएचपी चालतं, प्लगइन काहीही म्हणो. लगेच फाइल पुसा. एक्सएमएल-आरपीसी ही बाहेरच्या प्रोग्रामांना साइटशी बोलू देणारी जुनी फाइल बंद असल्याचा दावा असेल तर त्या फाइलचा पत्ता लॉगआउट अवस्थेत उघडा. ‘फक्त पोस्ट विनंत्या स्वीकारतो’ असं उत्तर आलं तर ती फाइल अजून जिवंत आहे. एकाच विनंतीत अनेक मागण्या कोंबण्याची तिची सोय पासवर्ड ओळखण्याच्या हल्ल्यांत वापरली गेलेली आहे. मोबाइल अ‍ॅप किंवा जेटपॅक हे प्लगइन वापरत असाल तर ती सरसकट बंद करू नका.

पर्याय शोधताना

बहुतेक जण इथे ‘त्या प्लगइनऐवजी कुठलं’ असं विचारतात. तसा सरळ अदलाबदलीचा पर्याय मिळतो, पण आजार जात नाही. सगळं एकत्र करणारं कुठलंही प्लगइन घ्या. फायरवॉल, स्कॅनर, लॉगिन, टू-फॅक्टर, बॅकअप, अहवाल असं वाढत जाणारं सामान एका छपराखाली आलं की काही काळाने त्याची फेरमांडणी होणारच. नावंही बदलतात: बेटर डब्ल्यूपी सिक्युरिटीचं आयथीम्स सिक्युरिटी झालं आणि २०२३ मध्ये सॉलिड सिक्युरिटी. सोयी वाढवण्यातला धोका नुसत्या गैरसोयीचा नसतो. रिअली सिंपल एसएसएल हे मुळात एचटीटीपीएस लावून देणारं प्लगइन. ते वाढत वाढत रिअली सिंपल सिक्युरिटी झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या टू-फॅक्टरच्या कोडमध्येच लॉगिन ओलांडून आत शिरू देणारी त्रुटी सापडली. ९.०.० ते ९.१.१.१ या आवृत्त्यांमध्ये ती होती, तीव्रता १० पैकी ९.८, आणि प्लगइन ४० लाखांहून अधिक साइट्सवर. ९.१.२ मध्ये दुरुस्ती झाली आणि वर्डप्रेसकडून ते अपडेट बहुतेक साइट्सवर सक्तीने पाठवलं गेलं. सुरक्षेसाठी बसवलेला कोडही शेवटी कोडच असतो.

म्हणून मी कामं वेगळी केली आणि प्रत्येक काम शक्य तितकं वर्डप्रेसच्या बाहेर ढकललं. फाइल एडिटर बंद करणारी ओळ डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये, अपलोड्समधलं पीएचपी बंद सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये. यांना डॅशबोर्डच नाही, म्हणून फेरमांडणीही नाही.

लॉगिनवरच्या माऱ्यासाठी सर्व्हरवर फेलटूबॅन (लॉग वाचून संशयास्पद आयपी अडवणारा प्रोग्राम) असेल तर उत्तम. एक खाचखळगा माहीत असू द्या: लॉगिन फसलं तरी वर्डप्रेस एरवी २०० (सगळं ठीक) हाच कोड देतं आणि यशस्वी झाल्यावर ३०२ (दुसऱ्या पानावर जा), त्यामुळे ४०१ (ओळख पटली नाही) शोधणारा तयार फिल्टर काही पकडत नाही. लॉगिनच्या फाइलवर येणाऱ्या पोस्ट विनंत्या मोजाव्या लागतात, किंवा फसलेले प्रयत्न सिस्टिम लॉगमध्ये लिहिणारं डब्ल्यूपी फेलटूबॅन प्लगइन जोडावं लागतं. समोर क्लाउडफ्लेअर असेल तर आयपी टेबल्समधून (सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलमधून) अडवून उपयोग नाही, कारण जोडणी क्लाउडफ्लेअरकडूनच येते. तिथे बंदी क्लाउडफ्लेअरकडेच लावायची. सर्व्हर हातात नसेल, शेअर्ड होस्टिंग असेल, तर लिमिट लॉगिन अटेम्प्ट्स रीलोडेड पुरेसं आहे. टू-फॅक्टरसाठी मला ‘टू फॅक्टर’ याच नावाचं, वर्डप्रेसच्या योगदानकर्त्यांनी सांभाळलेलं प्लगइन आवडतं. त्याची सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या प्रोफाइलच्या पानावर असतात, जाहिरात नाही, गुण नाहीत. बॅकअप कोड तेवढे आठवणीने काढून ठेवा.

फायरवॉलची निवड थोडी नाजूक. क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेत स्वतःचे पाच नियम लिहिता येतात. लॉगिनच्या पानाला चॅलेंज (समोर माणूसच आहे ना याची चाचणी) आणि एक्सएमएल-आरपीसीला बंदी एवढ्याला ते पुरतात. पण मूळ सर्व्हरचा आयपी कुणाला ठाऊक असेल तर तो क्लाउडफ्लेअरला वळसा घालून थेट येतो, म्हणून सर्व्हरने फक्त क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांकडूनच विनंत्या घ्याव्यात अशी तजवीज हवी. सुकुरीचं मोफत प्लगइन घेताना लक्षात ठेवा की त्यात नोंदवही, फाइलींची पडताळणी आणि हार्डनिंग आहे, फायरवॉल नाही. ती त्यांची वेगळी, पैसे भरून घ्यायची सेवा आहे. वर्डफेन्सची फायरवॉल मोफत आवृत्तीतही आहे आणि ती साइटच्या आत चालते, मात्र नवे नियम मोफतवाल्यांना ३० दिवस उशिरा मिळतात. निन्जाफायरवॉलही वर्डप्रेसच्या आधी चालू होऊ शकते. तिच्या सेटिंग्जची भाषा तांत्रिक आहे, नवख्याला जड जाईल. आणि काहीच सेटिंग नको असेल तर बीबीक्यू फायरवॉल: सुरू करा, विसरा. ती उघडउघड वाईट विनंत्या अडवते, त्यापलीकडे काही करत नाही, आणि तसा दावाही करत नाही.

स्कॅनरबद्दल माझं मत थोडं कडू आहे. साइटमध्येच राहणाऱ्या स्कॅनरला, साइटमध्ये शिरलेला घुसखोर हात लावू शकतो. डब्ल्यूपी-सीएलआयमध्ये (वर्डप्रेसला कमांडलाइनवरून आदेश देण्याच्या साधनात) कोअर, म्हणजे मूळ वर्डप्रेस, आणि प्लगइनच्या फाइलींचे चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारे आकडे) पडताळणारे आदेश आहेत, ते क्रॉनवर (ठरावीक वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावले की निम्मं काम होतं. विकतची प्लगइन्स आणि थीम त्यात तपासली जात नाहीत, तेवढी उणीव राहते.

काढताना

वर्डफेन्स किंवा निन्जाफायरवॉलसारखी फायरवॉल वर्डप्रेसच्या आधी चालते ती ‘ऑटो प्रीपेंड फाइल’ या पीएचपी सेटिंगच्या जोरावर. ते सेटिंग युजर-आयएनआय, एचटीअ‍ॅक्सेस किंवा पीएचपी-आयएनआय फाइलमध्ये लिहिलेलं असतं. फोल्डरचं नाव बदललं किंवा प्लगइन हाताने पुसलं, आणि त्या ओळीने बोलावलेली फाइल जाग्यावर नसली, की अख्खी साइट, अ‍ॅडमिनसकट, फेटल एरर देऊन थांबते. म्हणून आधी प्लगइनच्याच सेटिंगमधून ती विस्तारित सुरक्षा काढा. ते शक्य नसेल तर ती ओळ स्वतः पुसा, आणि मग थांबा: युजर-आयएनआयमधला बदल पीएचपी लगेच उचलत नाही, डीफॉल्ट ३०० सेकंदांपर्यंत जुनंच वाचत राहतं. तोवर फाइल तिथेच असू द्या.

निष्क्रिय करून डिलीट केलं तरी मागे बरंच उरतं. एचटीअ‍ॅक्सेसमधले नियम, डेटाबेसमधली टेबल्स (ट्रॅफिकचा लॉग फुगून मोठा झालेला असतो), ऑप्शन्स टेबलमधल्या नोंदी, क्रॉनची कामं, कधी ‘मस्ट-यूज’ (आपोआप सुरू होणाऱ्या) प्लगइनच्या फोल्डरात ठेवलेली एखादी फाइल. काही प्लगइन्समध्ये ‘काढताना सगळा डेटा पुसा’ असं सेटिंग असतं. ते आधी चालू करून मग निष्क्रिय करा. एचटीअ‍ॅक्सेसमधले नियम प्लगइनच्या नावाच्या खुणांमध्ये बांधलेले असतात, ते बघून हाताने काढा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या खुणांमधला मजकूर तसाच ठेवा.

नवी फायरवॉल जुन्या फायरवॉलसोबत चालवू नका. दोघी एकमेकींच्या विनंत्या संशयाने पाहतात आणि बिघाड नक्की कुणाचा ते कळत नाही. लॉगिनची मर्यादा आणि टू-फॅक्टर मात्र जुनं काढण्याआधीच नव्या जागी बसवा.

ऑटो-अपडेटचं काय, हा प्रश्न उरतो. छोट्या, एकाच कामाच्या प्लगइन्सना मी ते चालू ठेवतो. बिघडलं तर एकच काम बिघडतं आणि लगेच लक्षात येतं. सर्वसमावेशक प्लगइन ठेवायचंच असेल तर आवृत्तीच्या शेवटच्या आकड्यातला बदल त्याच दिवशी लावा, त्यात बहुधा दुरुस्त्या असतात. पहिला आकडा बदलला असेल तर आधी चेंजलॉग (बदलांची यादी) वाचा. त्यात सुरक्षेची दुरुस्ती नमूद असेल तर बॅकअप घेऊन ताबडतोब अपडेट करा आणि आयपीचं सेटिंग, लॉगिनचा पत्ता, ब्लॉक यादी लगेच पडताळा. नुसताच ‘नवा अनुभव’ असेल तर आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) लावून जुन्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा.